अर्धवट वाचलेल्या कादंबरीविषयी

साहित्यसमीक्षा कादंबरीचा विचार करते तो ती वाचून संपल्यानंतर. कथानकाचा शेवट, पात्रांचे अखेरचे रूप आणि रचनेचा एकूण घाट हाती आल्यावाचून कलाकृतीविषयी बोलू नये, असा तिचा शिरस्ता आहे आणि अभ्यासाच्या दृष्टीने तो योग्यही आहे. कादंबऱ्यांविषयीचे बरेचसे बोलणे मात्र वाचन चालू असतानाच होते. ग्रंथालयात पुस्तक बदलताना, कचेरीत डबे उघडल्यावर किंवा लोकलच्या प्रवासात ‘सध्या काय वाचताय?’ या प्रश्नाने ते सुरू होते आणि निरनिराळ्या कादंबऱ्यांत निरनिराळ्या पानांवर असलेली माणसे आपापली अपुरी मते एकमेकांपुढे मांडतात. या मतांची नोंद कुठेच होत नाही, कारण पुस्तक संपले की ती बहुधा मत देणाऱ्यालाही आठवत नाहीत.

हरिभाऊ आपटे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून ‘पण लक्षांत कोण घेतो’ क्रमशः प्रसिद्ध होत होती, तेव्हा तिचे सगळे वाचक एकाच वेळी अर्ध्यावर होते. यमुनेच्या संसारात पुढे काय वाढून ठेवले आहे, हे पुढचा अंक येईपर्यंत कोणालाच ठाऊक नसल्याने बोलणाऱ्यांत अधिकउणे ज्ञान असण्याचा प्रश्न नव्हता. कादंबरी पुस्तकरूपाने हाती येऊ लागल्यावर ही समता मोडली. एकाने वाचून संपवलेल्या कादंबरीच्या दुसऱ्या प्रकरणात दुसरा असतो, आणि शेवट न सांगण्याचा संकेत पाळावा लागतो तो त्यामुळेच.

जर्मन समीक्षक वोल्फगांग ईझर यांनी वाचकाच्या या स्थितीसाठी ‘भ्रमणशील दृष्टिबिंदू’ अशी संज्ञा योजली आहे. वाचक कलाकृतीकडे बाहेरून एकदम पाहू शकत नाही, तो तिच्या आतून चालत असतो आणि प्रत्येक टप्प्यावर मागच्याचा अर्थ बदलत जातो, असा तिचा आशय आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’विषयीच्या (१९६३) गप्पांत याचा प्रत्यय चांगला येतो. पांडुरंग सांगवीकर पुण्यात वसतिगृहात राहत असताना त्याच्याबरोबर असलेला वाचक ही कादंबरी विनोदी असल्याचे सांगतो आणि त्यातली उधळपट्टी, गॅदरिंग, फजिती हसत हसत ऐकवतो. मनीच्या, म्हणजे पांडुरंगाच्या धाकट्या बहिणीच्या, मृत्यूपर्यंत पोचलेला वाचक हे ऐकून गप्प होतो किंवा विषय बदलतो. येथे पहिल्याचे मत चुकीचे मानणे हा अन्याय ठरेल. त्या पानांवर कादंबरी खरोखरच हसवते, आणि ते हसू अगोदर मनमोकळे झाले नसते तर पुढच्या घावाला एवढी धार आली नसती. संपूर्ण कादंबरीवरची समीक्षा या हसण्याला सुरुवातीपासूनच शोकाची छटा देऊन टाकते, त्यामुळे पहिल्या वाचनातले निखळ हसू समीक्षेत सहसा उरत नाही.

तुलनेचेही असेच आहे. अभ्यासक समान विषयाच्या किंवा समान प्रकारच्या कृती शेजारी ठेवतो. वाचकांच्या बोलण्यात मात्र योगायोगाने एकाच आठवड्यात घरात आलेली पुस्तके एकमेकांना भिडतात. वि. स. खांडेकर यांची ‘ययाति’ (१९५९) आणि शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ (१९६७) यांची जोडी अशी वारंवार जुळते, आणि ती निव्वळ योगायोगाची म्हणता येत नाही. दोन्ही महाभारतातल्या आहेत आणि दोन्हींत निवेदक बदलत राहतो: पहिलीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा बोलतात, तर दुसरीत कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्णही. कथा ठाऊक असल्याने शेवट फोडण्याची भीती राहत नाही. कर्णाच्या रथाचे चाक रुतणार हे पहिल्या पानाआधीच माहीत असते. तरीही वाद रंगतात, कारण देवयानीच्या निवेदनात असलेला वाचक तिच्या अपमानाची बाजू घेऊन भांडतो आणि शर्मिष्ठेचे निवेदन सुरू झाले की त्याच तावातावाने उलट बोलू लागतो. या पक्षांतराची त्याला लाज वाटत नाही, आणि वाटण्याचे कारणही नाही.

विश्राम बेडेकर यांच्या ‘रणांगण’सारखी (१९३९) लहान कादंबरी या व्यवहारातून सुटते. ती एका बैठकीत संपू शकते, त्यामुळे चक्रधर आणि हॅर्टा यांच्याविषयी बोलणारे सहसा शेवट गाठूनच बोलतात. याउलट नेमाडे यांची ‘हिंदू’ (२०१०) पहिल्या शंभर पानांतच सोडून दिलेले वाचक तिच्याविषयी पुष्कळ आणि आत्मविश्वासाने बोलतात. समीक्षक त्यांना मोजत नाही. पण जे जेथे कंटाळले ती जागा ते नेमकी सांगू शकतात, आणि एवढ्या मोठ्या कादंबरीच्या गतीविषयी, तिच्यातल्या अडगळीच्या वजनाविषयी काही ठरवायचे असल्यास ही माहिती पूर्ण वाचलेल्याच्या कौतुकाइतकीच उपयोगाची आहे.