मोरे मैदानावरून

ती. आबांस,


"बर्फाच्या मुलखात वाळवंट कसं काय बुवा?" हा तुमचा प्रश्न मेसमध्ये वाचून दाखवला. सगळे हसले, पण उत्तर कुणालाच धड देता येईना. आबा, वाळवंट उन्हानं होत नाही, पाऊस नसला की होतं. मान्सूनचे ढग हिमालय ओलांडेपर्यंत रिते होतात. लेहला वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर. आपल्या सातपुड्याकडं जुलैची एखादी झड एवढं देऊन जाते.

सध्या रस्त्याचं काम मोरे मैदानावर आहे. पांगचा चढ संपला की जमीन एकदम सपाट होते, ती ४० किलोमीटर तशीच. उंची ४,७०० मीटरच्या घरात. तीन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तर तिसरीचा माथा कसाबसा वर निघेल. झाड एक नाही. रेती, गोटे, नि लांबून रस्त्याकडं बघत उभे असलेले कियांग, म्हणजे रानगाढवं.

पूर्वेला त्सो कार नावाचं तळं आहे. तिथं मी रमलो. शेजारच्या गोड्या तळ्यातून त्यात पाणी उतरतं, पण बाहेर जायला वाट नाही. उन्हावाऱ्यानं पाणी उडतं, मीठ मागं राहतं. काठाची माती बुटाखाली पापडासारखी मोडते, आत पांढरं. चांगपा धनगर पूर्वी हे मीठ मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर लादून विकायला न्यायचे. आता पश्मिन्यावर पोट. उतारांवर जुन्या काठांच्या आडव्या रेघा दिसतात, तळं कधीकाळी किती भरलेलं होतं ते कळतं.

आपल्या पारावर खारपाणपट्ट्याची गोष्ट निघाली की कुणीतरी म्हणणारच, "खाली समुद्र होता." त्सो कार पाहिल्यापासून मला ते पटत नाही. समुद्र कशाला हवा? पूर्णेच्या खोऱ्यात शेकडो मीटर गाळ साचलाय, त्यातल्या चिकणमातीत पाणी अडकून बसतं. पाणी अडलं, सुकत गेलं, की क्षार साठणारच. आपलं सोनाळा गाव डोंगराला चिकटून, पायथ्याशी साचलेल्या गोट्यांच्या बझाड्यावर. म्हणून आपलं पाणी खोल, पण गोड. दक्षिणेकडच्या वावरांत मात्र विहीर असून ओलिताची सोय नाही. वान नदीच्या पाण्याची किंमत त्यांना विचारा.

इथं पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळं तूरडाळ उघड्या पातेल्यात शिजतच नाही. पार्सल कराल तेव्हा पाच लिटरच्या कुकरचं रबर आठवणीनं टाका, आणि मायला सांगा, लोणचं नको, मागचंच उरलंय.

आपला,
बाळू