आजीची झोप आणि पंख्याचा वेग

काशीचा भोसले घाट नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधला. त्याच्या मागच्या गल्लीत, पिढ्यान्‌पिढ्या काशीकर झालेल्या एका मराठी घरात ऐन मे महिन्यात वाद पेटला. कारण होते नातवाचा कॉम्प्युटर.

शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतून त्याने तो स्वतः भाग आणून जोडला होता. मोठे खेळ चालावेत म्हणून दणकट ग्राफिक्स कार्ड घातले होते. बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास, लू वाहणारी. जाड दगडी भिंतींची मधली खोली तेवढी जरा गार. म्हणून कॉम्प्युटर तिथेच आणि आजीची खाटही तिथेच.

रात्री खेळ सुरू झाला की कॉम्प्युटरचे पंखे घोंघावत. आजी तक्रार करीत नसे. पण रात्री दोन वाजता सासूबाई खाटेवर उठून बसलेल्या आईला दोनदा दिसल्या. बाबा म्हणाले, "उद्यापासून हे यंत्र गच्चीवरच्या खोलीत." गच्चीवरची खोली म्हणजे पत्र्याखालची भट्टी. तिथे यंत्र टिकणार नाही, हे नातवाला पक्के ठाऊक होते.

त्याने पहिला उपाय केला तो पंख्यांचा वेग अगदी कमी करण्याचा. खोली शांत झाली, पण तिसऱ्या रात्री खेळ अडखळू लागला आणि कॉम्प्युटर एकदम बंद पडला. त्याच्या पोटात गोळा आला. खरे तर यंत्राने स्वतःला वाचवले होते. प्रोसेसर १०० अंशांच्या जवळ गेला की आधी आपले काम मंदावतो, तरीही उष्णता वाढली तर बंद होतो. शिवाय पंखा खोलीतलीच हवा फिरवतो. खोली ३८ अंशांवर असेल तर आतले भाग त्याखाली जाऊच शकत नाहीत.

मग घाबरून त्याने सगळे पंखे पूर्ण वेगावर ठेवले. त्या रात्री घरातले सगळे कूस बदलत राहिले. आजी मात्र गाढ झोपली!

सकाळी त्याने विचारले, तेव्हा आजी वाती वळता वळता म्हणाली, "आवाजाचं काही नाही रे बाळा. पण रोज तो चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. ह्यांना शेवटी शेवटी दम लागायचा ना, तसाच. मी पाणी द्यायला उठते, आणि मग आठवतं."

नातू काही बोलला नाही. आजोबा गेले ते याच खोलीत.

त्याने विद्युत उपकरणे दुरुस्त करणाऱ्या आतेभावाला बोलावले. दादाने वीज बंद करून, प्लग काढून कॅबिनेट उघडले. जाळीवर आणि प्रोसेसरवरच्या धातूच्या पात्यांत धुळीची गोधडीच जमली होती. पंखा बोटाने धरून त्याने मऊ ब्रशने ती काढली. मग त्याने पंख्याच्या चार तारा दाखवल्या. दोन तारा १२ व्होल्टच्या विजेसाठी, तिसरी पंखा किती वेगाने फिरतो ते कळवणारी आणि चौथी हुकूम आणणारी. त्या चौथ्या तारेवरून सेकंदाला सुमारे २५ हजार ठोके येतात. ठोका जितका लांब, तितका वेग जास्त. तीन तारांच्या पंख्याला मात्र व्होल्ट कमी करूनच हळू करावे लागते.

"पण तो धापा का टाकतो?" नातवाने विचारले.

"प्रोसेसरचं तापमान एका क्षणात दहा-पंधरा अंश उडी मारतं. त्यावरचा धातू मात्र सावकाश तापतो. तुझा पंखा प्रत्येक उडीमागे धावतो, आणि उपयोग काहीच नाही."

दोघांनी बायोसमध्ये जाऊन नवी चढण आखली: ६० अंशांपर्यंत वेग ४० टक्के, ७५ अंशांना ६५ टक्के, ८५ अंशांना पूर्ण. मधे कुठे एकदम पायरी नाही. शिवाय तापमान बदलल्यावर काही सेकंद थांबूनच वेग बदलावा, अशी सोयही तिथे होती. ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यांचा वेग वेगळ्या प्रोग्रामने तसाच सावरला. हे आकडे त्या यंत्राला मानवले. दुसऱ्याने आपले यंत्र तासभर चालवून, तापमान पाहूनच ठरवावेत.

मागच्या बाजूला रिकामी जागा होती, तिथे आणखी एक पंखा बसवला. आवाज वाढेल असे आईला वाटले. पण पंख्याचा वेग निम्मा केला तर त्याचा आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. म्हणून पळणाऱ्या एका पंख्यापेक्षा सावकाश फिरणारे दोन बरे.

त्या रात्री नातवाने खेळ लावला, पण लक्ष पडद्यावर नव्हते. पंख्यांची एकसारखी मंद घरघर चालू होती. आजी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. दोन वाजून गेले, तरी ती उठली नाही.

गच्चीचा विषय बाबांनी पुन्हा काढला नाही. अकरानंतर खेळ बंद, हा आईचा नवा नियम मात्र लागू झाला. महिन्यातून एकदा नातू ब्रश घेऊन कॅबिनेट उघडतो, तेव्हा आजी शेजारी बसून विचारते, "काय रे, श्वास नीट चाललाय ना त्याचा?"