कारण संध्याकाळी कळतं

३ जून २०२४ ला सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी उसळला. कारण लोकसभा निवडणुकीचे एक्झिट पोल. दुसऱ्या दिवशी ४,३८९ अंकांनी आपटला. कारण प्रत्यक्ष निकाल. आणि ७ जूनला ७६,६९३ वर, म्हणजे पडण्याआधी होता त्याच्याही वर जाऊन बसला.

बोरिवलीहून चर्चगेटला जाणारा, महिन्याकाठी एसआयपी भरणारा एक चाळिशीतला गुंतवणूकदार त्या आठवड्यात नुसता बघत होता. अंगठ्याने स्क्रीन खाली ओढायची, आकडे ताजे व्हायचे, आधीपेक्षा लाल. विकलं काहीच नाही. घ्यायला हवं होतं, हे शुक्रवारी सगळ्यांनाच सुचलं.

टीव्हीवरच्या जाणकारांचं त्याला कौतुक वाटतं. बाजार पन्नास अंकांनी हलला तरी संध्याकाळपर्यंत कारण तयार. काहीच सापडलं नाही तर नफावसुली आहेच. त्यापेक्षा वार्षिक अहवालातल्या मागच्या पानांवरच्या बारीक टिपा बऱ्या. तिथे कुणी हातवारे करत नाही.

बातमी आणि भाव यांची खरी झटापट बघायची तर १८६५ ची मुंबई बघावी. अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडकला, लँकेशायरच्या गिरण्या इकडे वळल्या आणि मुंबईत पैशाला उधाण आलं. लोकांनी गाद्या उसवून आतला कापूससुद्धा विकला, असं सांगतात. एवढा पैसा ठेवायचा कुठे? मग बँका निघाल्या, वित्तसंस्था निघाल्या, समुद्र बुजवणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे रेक्लमेशनचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला, आणि ज्या जमिनीच्या भरवशावर गेला तिथे अजून लाटा होत्या. या सगळ्याच्या मधोमध शेअर दलाल प्रेमचंद रायचंद. सौदे वायद्याचे, हिशेब चुकता करायची तारीख १ जुलै १८६५. एप्रिलमध्ये दक्षिणेचा जनरल ली शरण आला आणि यादवी संपल्यात जमा झाली. अटलांटिकखालची तार अजून चालू झाली नव्हती, त्यामुळे ही बातमी आगबोटीतून युरोपला पोचली आणि मग इकडे. कापूस गडगडला. जुलै उजाडला तेव्हा देणेकरी पुष्कळ होते, देणारा कुणी नव्हता. बँक ऑफ बॉम्बेचा एके काळी २,८५० रुपयांना गेलेला शेअर ८७ वर आला.

प्रेमचंदही बुडाले. पण तेजीच्या दिवसांत त्यांनी विद्यापीठाला दिलेली देणगी वाचली, आणि त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. बॅक बे कंपनी गेली, तिने भरलेली किनारपट्टी राहिली. तिच्यावरून पुढे रेल्वेचे रूळ कुलाब्यापर्यंत पोचले. ज्यांचे पन्नास हजार त्या भरावात गाडले गेले, त्यांना या रुळांचा लाभांश काही मिळाला नाही.

आपल्या गुंतवणूकदाराला हे सगळं ठाऊक आहे आणि ते ऐकवायची त्याला हौसही आहे. परवा गाडीत शेजारचा पोरगा ऑप्शनचे सौदे टाकत होता. याने त्याला सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अभ्यास सांगितला: तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या एक कोटीहून जास्त लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. पोराने मान न उचलता विचारलं, ‘‘मग काका, ते सात टक्के कुठल्या ॲपवर करतात?’’