राक्षसाच्या पिल्लाचं काय करायचं?



दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला भावाकडे गेले होते. भाचा आठवीत आहे. त्याचे चार मित्र दुपारभर जेवणाच्या टेबलाभोवती बसून काहीतरी खेळत होते. ना मोबाईल, ना टीव्ही. समोर नुसते कागद, पेन्सिली आणि तऱ्हेतऱ्हेचे फासे. त्यातला एक तर वीस बाजूंचा! मी चहा घेऊन तिथेच खुर्ची ओढली.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. 'तुम्ही गुहेच्या तोंडाशी उभे आहात, काय कराल?' असं तो विचारतो. पोरं ठरवतात, फासा टाकतात, गोष्ट पुढे सरकते. खरं सांगू, डी.एड.ला आम्हाला नाट्यीकरण शिकवलं होतं, पण त्यात संवाद आधीच लिहिलेले असायचे. इथे पुढची ओळ कुणालाच ठाऊक नसते.

त्या दिवशी त्यांनी गॉब्लिन नावाच्या ठेंगण्या राक्षसांची गुहा जिंकली होती. सगळे खुशीत. तेवढ्यात गोष्ट सांगणारा मुलगा म्हणाला, "मागे कातड्याचा पडदा आहे. तो बाजूला केला तर आत सहा पिल्लं. एकमेकांना चिकटून बसलीत."

टेबल गप्प.

मग एक म्हणाला, सोडून देऊ. दुसरा म्हणाला, मोठी झाली की तीच गावावर येतील, आत्ताच संपवा. भाचा धर्मयोद्धा होता. या खेळाच्या जुन्या नियमांत धर्मयोद्ध्याने जाणूनबुजून दुष्कर्म केलं की त्याचं धर्मयोद्धेपणच जातं. लहान पिल्लांना मारणं दुष्कर्म, की दुष्टांना मोकळं सोडणं दुष्कर्म? अर्धा तास भांडण. शेवटी भाचा माझ्याकडे वळला, "आत्या, तू सांग. तू टीचर आहेस ना?"

बारा वर्षं परिपाठात मूल्यं सांगते मी. मला उत्तर सुचलं नाही. "चहा गार होतोय," म्हटलं आणि उठले.

नंतर वाचलं तेव्हा कळलं, हा पेच या खेळात फार जुना आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ मध्ये हा खेळ आणला. तो युद्धाच्या खेळांतून निघाला, त्यामुळे मारामारीचे नियम भरपूर. शिवाय प्रत्येक पात्राची आणि राक्षसाची एक वृत्ती ठरवून दिलेली. ऑर्क, गॉब्लिन हे दुष्ट, कारण पुस्तकात तसं छापलंय. पण १९७९ च्या सुमारास गायगॅक्स यांनीच लिहिलेल्या 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' या साहसकथेत राक्षसांच्या गुहांमध्ये बायका-पोरंही राहतात, आणि ही पोरं लढत नाहीत. म्हणजे एकीकडे जमातच दुष्ट, आणि दुसरीकडे समोर न लढणारं पोर. खेळणाऱ्यांनी करायचं काय?

सुट्टी संपली आणि मी हा खेळ चौथीच्या वर्गात नेला. लुडोतला एक फासा, फळ्यावर खडूने काढलेली गुहा, बस्स. पाच-पाच मुलांचे गट केले. राक्षस हरले, मागे एक पिल्लू सापडलं. बऱ्याच खलानंतर मुलांनी त्याला सोडून दिलं. आणि मी काय करावं? मला वाटलं, गोष्टीत रंगत यायला हवी. म्हणून सांगितलं, "रात्री ते पिल्लू परत आलं आणि त्याने गावातल्या गंज्या पेटवल्या."

एक मुलगा लगेच म्हणाला, "बघा! मी म्हणलो होतो ना, मारायलाच पायजे होतं."

घंटा झाली. मुलं तेवढंच घेऊन घरी गेली.

रात्री भाच्याला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "आत्या, शिक्षाच द्यायची होती तर विचारलंस कशाला?" मुलगा तेरा वर्षांचा आहे, पण बोलला ते खरं. काहीही केलं तरी मुलं चुकणारच, असा प्रश्न हा प्रश्नच नसतो, सापळा असतो. आपण वर्गात असे किती लावतो, ते ज्याचं त्याने आठवावं.

मला मात्र गंज्यांपेक्षा त्या मुलाचं वाक्य जास्त टोचत होतं, कारण ते मी नुकतंच वाचलं होतं. २९ नोव्हेंबर १८६४ ला कोलोरॅडोत सँड क्रीक इथे अमेरिकन सैनिकांनी शायान आणि अरापाहो लोकांच्या छावणीवर हल्ला केला. मेलेल्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं होती. हल्ल्याचा प्रमुख कर्नल चिव्हिंग्टन याच्या नावावर एक बोलणं सांगितलं जातं, की लिखांच्याच पुढे उवा होतात. म्हणजे पोरांनाही सोडू नका. आणि पुढे खेळातल्या अशाच पेचावर बोलताना गायगॅक्स यांनीही याच बोलण्याचा आधार घेतला होता. खेळ गमतीचा खरा, पण हे वाक्य खऱ्या रक्तातून आलेलं आहे. खेळाच्या प्रकाशकांनी २०२० मध्ये ऑर्कसारख्या जमातींना सरसकट दुष्ट दाखवणं बदलत असल्याचं जाहीर केलं. उशिरा का होईना.

आपल्याकडे तर हे पुस्तकात नाही, कायद्यातच छापलेलं होतं. इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. १९११ नंतर तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. जमातीत जन्मला की गुन्हेगार. सोलापूरला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. पोरांना आईबापांपासून वेगळं ठेवायचीही तरतूद कायद्यात केलेली होती. तो रद्द झाला १९५२ ला, पण गावाच्या तोंडून अजून गेलेला नाही.

माझ्या वर्गात पारधी वस्तीवरून एक मुलगा येतो.

दुसऱ्या दिवशी मी मुलांना म्हटलं, "काल गंज्यांचं मी उगाच घुसडलं. ते पुसून टाकू. पिल्लू अजून गुहेतच आहे." आता मुलं वेगळीच सुटली. एक जण म्हणाला, "बाई, राक्षसाचं पोरगं राक्षसच होणार की." त्यावर एक मुलगी फणकाऱ्याने म्हणाली, "मग प्रल्हाद कुणाचा होता?" पहिला म्हणे, त्याचं वेगळं, त्याच्यामागे देव होता. कुणी विचारलं, ते खातं काय? कुणी म्हणालं, त्याला आपली भाषा येते का? त्यांच्या वादात ज्या मुलाने काल 'मारायलाच पायजे' म्हटलं होतं, त्याने 'चावलं तर?' एवढंच विचारलं. ते मला बरं वाटलं, कारण ही खरी भीती होती, आणि तिचं काय करायचं यावर बोलता येत होतं.

वस्तीवरचा मुलगा शेवटच्या बाकावर होता. तो एकदम म्हणाला, "बाई, त्याची आई कुठंय?"

कुणी काही बोलेना. मग पुढच्या बाकावरून हळूच आवाज आला, "काल आपणच मारली ना."

मला त्या वेळी जुलै महिना आठवला. सहलीच्या वर्गणीचे पैसे सापडत नव्हते. मी सगळ्यांची दप्तरं पाहिली. सगळ्यांची पाहिली हे खरं, पण पहिलं कुणाचं उघडलं ते त्यालाही माहीत आहे आणि मलाही. पैसे संध्याकाळी माझ्याच कपाटात, हजेरीपटाखाली सापडले. मुलांना 'सापडले' एवढंच सांगितलं.

गुहेतला निर्णय त्या दिवशी झाला नाही. तिघांना पिल्लू गावात आणायचं होतं, दोघांना ते जंगलात कुणाच्या तरी हवाली करायचं होतं. तास संपला.

दुसऱ्या दिवशी परिपाठ झाल्यावर मी त्या मुलाला व्हरांड्यात थांबवलं. म्हटलं, "जुलैत पैसे हरवले होते, तेव्हा मी तुझं दप्तर आधी उघडलं. चुकलं माझं."

तो थोडा वेळ पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडत उभा राहिला. मग म्हणाला, "बाई, आज फासा मी टाकू?"