दुसऱ्या मशीनवर लावून बघ

ज्या कॉम्प्युटरवर सीडी लिहिली त्याच कॉम्प्युटरवर ती उघडली, एवढ्यावरून ती नीट लिहिली गेली असं म्हणता येत नाही. हे मला शिकवलं पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका प्रोसेसिंग हाउसमधल्या ताईंनी. छापखान्याला प्लेट बनवायला लागणारी पॉझिटिव्ह, म्हणजे पानांच्या फिल्म, तिथे काढून मिळत. ताई तिथे सिस्टिमवर बसत. आलेली फाइल उघडायची, तपासायची आणि फिल्म काढणाऱ्या इमेजसेटरला सोडायची, हे त्यांचं काम. न उघडणारी सीडी उघडून देणं त्यांच्या कामात बसत नव्हतं आणि त्याचे पैसेही कुणी देत नव्हतं. तरी त्यांनी ते वर्षानुवर्षं केलं.

2003 साली मी एका दिवाळी अंकाच्या कचेरीत नोकरीला लागले. अंकाचं सगळं सामान सीडीवर यायचं. ईमेल होता, पण पानभर रंगीत जाहिरात म्हणजे तीस-पस्तीस एमबीची फाइल. डायल-अपवर तिला दोन तास लागत, तेही मध्ये लाइन तुटली नाही तर. त्यामुळे मुंबईच्या जाहिराती, कोल्हापूरची रेखाटनं, कोकणातल्या लेखकांच्या कथा, सगळं कुरिअरने किंवा एसटीच्या पार्सलने येत असे. पाठवणाऱ्याने फोनवर सांगितलेलं असायचं, ‘आमच्याकडे उघडून पाहिलंय, सगळं ओके आहे.’ आणि आमच्याकडे ते उघडत नसे.

ऑक्टोबरचे दिवस. छापखान्याने तारीख दिलेली, बाइंडर रोज फोन करणारा, आणि नागपूरहून आलेली मलपृष्ठाची जाहिरात आमच्या ड्राइव्हच्या मते कोरी. मी ती सीडी घेऊन ताईंकडे गेले. त्यांनी ती मशीनमध्ये घालायच्या आधी उजेडात तिरकी धरली.

“हे बघ. आतून इथपर्यंत रंग वेगळा दिसतोय ना? तेवढं लिहिलेलं आहे. कोरी नाहीये ही. क्लोज केलेली नाही.”

सीडीवरची नोंद आतून बाहेर जाणाऱ्या एकाच वेटोळ्या रेषेत असते. ही रेषा पाच किलोमीटरांहून लांब, दोन वेढ्यांतलं अंतर 1.6 मायक्रोमीटर. रायटरचा लेझर तिच्यावरच्या रंगद्रव्याचा थर जागोजागी भाजत जातो, म्हणून लिहिलेला भाग उजेडात वेगळा दिसतो. पण तिथे काय कुठे आहे हे सांगणारी अनुक्रमणिका सेशन बंद केल्यावरच लिहिली जाते. तोवर रायटर आपल्यापुरती कच्ची नोंद अगदी आतल्या पट्ट्यात ठेवतो. ती नोंद दुसऱ्या रायटरला वाचता येते; नुसत्या वाचणाऱ्या साध्या सीडी-रॉम ड्राइव्हला येत नाही. नागपूरच्या माणसाने आपल्या रायटरमध्ये उघडून पाहिलं होतं आणि तो खरंच बोलत होता. पहिलं सेशन बंद करायला साधारण 22 एमबी जागा जाते, पुढच्या प्रत्येकाला 13. ती वाचवायला किंवा पुढे आणखी काही भरता यावं म्हणून लोक सीडी उघडी ठेवत.

ताईंकडे रायटर होता. जाहिरात त्यात दिसली. मला वाटलं, आता त्या तिथेच सीडी क्लोज करतील. त्यांनी आधी फाइल हार्ड डिस्कवर उतरवून घेतली, उघडून पूर्ण पाहिली, आणि नवी सीडी लिहून दिली. मूळ सीडीला हात लावला नाही. “दुसऱ्याच्या सीडीवर आपण काही लिहायचं नाही. आधी आहे ते उतरवून घ्यायचं, दुरुस्ती मागाहून.” हा क्रम त्यांनी कधी मोडलेला मी पाहिला नाही, घाई कितीही असो. आणि मग ती नवी सीडी माझ्या हातात देत म्हणाल्या, “इथे लिहिली, इथे उघडली, त्याला अर्थ नाही. तिकडच्या दुसऱ्या मशीनवर लावून बघ.”

पुढच्या आठवड्यांत मी त्यांच्याकडे इतक्या वेळा गेले की दारातूनच त्या विचारायच्या: कुठल्या मशीनवर लिहिली, कशात लिहिली, क्लोज केली का? उत्तरं माहीत नसतील तर बाहेरच्या फोनवरून पाठवणाऱ्याला विचारून यायचं आणि मगच बसायचं. तेव्हा मला हे जाचक वाटे. पण या तीन उत्तरांत निम्मं निदान व्हायचं.

कोल्हापूरच्या चित्रकारांनी रेखाटनं सीडी-आरडब्ल्यूवर पाठवली होती, पुसून पुन्हा वापरता येते म्हणून. कारखान्यात छापलेली सीडी लेझरचा साधारण सत्तर टक्के प्रकाश परत पाठवते. आरडब्ल्यू पंधरा ते पंचवीसच. आमचा जुना ड्राइव्ह एवढ्या मंद उजेडात वाचायला बनवलेलाच नव्हता. प्रोसेसिंग हाउसमधल्या नव्या ड्राइव्हने ती पहिल्या फटक्यात वाचली. कोकणातल्या एका लेखकाने आधीच्या सीडीवर नवी कथा भरून पाठवली, तर जुन्या दोन कथा गायब. भरताना आधीचं सेशन जोडून घ्यायचं राहिलं होतं. ताईंनी मागचं सेशन निवडून उघडलं आणि दोन्ही कथा जशाच्या तशा निघाल्या. लेखक फोनवर बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्याकडे हस्तलिखित उरलेलं नव्हतं.

मुंबईच्या एका एजन्सीची सीडी आमच्या विंडोजवर अजिबात ओळखली जात नव्हती. ताईंनी पाकीट पाहिलं आणि सीडी सरळ कोपऱ्यातल्या मॅकमध्ये घातली. मॅकच्या स्वतःच्या पद्धतीने लिहिलेली डिस्क. विंडोजला ती स्वतःहून वाचता येत नाही. दोन्हीकडे चालेल अशी लिहायची सोय असते, ती पाठवणाऱ्याने निवडायला हवी. एकीवर तर सीडी जणू फ्लॉपी असल्यासारख्या, ओढून टाकून फाइली भरलेल्या होत्या. ती पद्धत वाचणारं सॉफ्टवेअर आमच्या मशीनवर नव्हतं. ते टाकल्यावर उघडली.

सर्वांत कठीण ती, जी अर्धी वाचली जाते. बिननावाची स्वस्त सीडी, 52 एक्स वेगाने लिहिलेली, वर बॉलपेनने दाबून अंकाचं नाव घातलेलं. तिच्यावरची एक मोठी फाइल ठरावीक जागी येऊन अडायची. ताईंनी मला सीडीची वरची बाजू जवळ धरून दाखवली. आपण खालच्या चकचकीत बाजूला जपतो. पण खाली जाड प्लास्टिक आहे, त्यावरचा ओरखडा बऱ्याचदा निभावतो. खरा धोका वर. प्रकाश परतवणारा धातूचा थर नावाच्या बाजूला, पातळ वार्निशाच्या लगेच खाली असतो. बॉलपेनचं टोक तिथे दाबलं की थराला जखम होते, आणि ती पुसून जात नाही. लिहायचंच तर मऊ टोकाच्या मार्करने, आणि शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावर. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून तिथे ही भीती कमी.

ती सीडी त्यांनी मऊ सुती कापडाने पुसली. मधून बाहेर, सरळ. गोल फिरवून नाही. वाचताना राहिलेली चूक ड्राइव्ह स्वतः गणिताने भरून काढतो, पण ओरखडा रेषेला आडवा असेल तेव्हाच ते सहसा जमतं. रेषेच्या बाजूने लांबवर गेलेला ओरखडा एका जागची इतकी माहिती खातो की गणित पुरत नाही. मग वाचण्याचा वेग कमी केला. मग दुसरा ड्राइव्ह, मग तिसरा. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. ताईंचे यजमान त्यांना न्यायला आले होते आणि बाकावर वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही, हेही मी त्या ऋणात धरते. शेवटी ताई म्हणाल्या, “ही आपल्याकडे नाही निघायची. त्यांना फोन कर. ज्या ड्राइव्हने लिहिली त्यातच अशी सीडी बऱ्याचदा सर्वांत चांगली वाचली जाते. त्यातून हार्ड डिस्कवर घ्या म्हणावं, आणि चांगल्या सीडीवर 16 एक्सने पुन्हा लिहा. अगदी 4 वरही नको. आताच्या सीड्या इतक्या सावकाश लिहायला केलेल्या नसतात.” दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवी सीडी आली आणि ती उघडली.

सीडी उघडली म्हणजे मराठी उघडली, असंही नसे. तो काळ श्रीलिपी, आकृती, आयएसएम या मराठी सॉफ्टवेअरांचा. ज्या फॉन्टमध्ये मजकूर जुळवला तो फॉन्ट त्या मशीनवर नसेल तर अख्खी कथा रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या रांगा होऊन समोर यायची. फायलींना देवनागरीत नावं दिली असतील आणि सीडी जुन्या, तोकड्या नावांच्या पद्धतीने लिहिली असेल तर नावांच्या जागी नुसत्या आडव्या रेघा. ताई सांगत, जाहिरात कोरलमधली असेल तर अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांची चित्रं करून, आणा, बाकीच्यांनी फॉन्ट सोबत द्या, आणि फायलींची नावं इंग्रजीत, आखूड ठेवा. पण कर्व्ह केलेल्या अक्षरांत पुढे एक काना जरी सुधारायचा म्हटला तरी सुधारता येत नाही, हेही त्याच सांगत. म्हणून आधी मुद्रितशोधन पुरतं करून घ्या असा त्यांचा आग्रह असे. एका र्‍हस्व-दीर्घासाठी त्यांनी मला फिल्म थांबवून परत पाठवलेलं आहे. मी धावत गेले आणि आले.

1909 साली का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून अंकाच्या श्रेयनामावलीत संपादक, लेखक, चित्रकार, मुद्रक यांची नावं येत आली आहेत. पुढे अक्षरजुळणी आली, मांडणी आली. जिच्या हातून अंक छापखान्यापर्यंत पोचायचा तिला मात्र त्या यादीत रकाना नव्हता. हे मला अन्यायाचं वाटतं आणि मी तेव्हा संपादकांशी यावर भांडलेही. पुढच्या वर्षी ‘विशेष साहाय्य’ असा रकाना निघाला. ताईंना अंक नेऊन दिला तेव्हा त्यांनी आधी कोल्हापूरच्या रेखाटनांचं पान काढलं आणि बारीक रेषा तुटल्या नाहीत ना ते बोट फिरवत पाहिलं. स्वतःचं नाव त्यांनी पाहिलं की नाही मला कळलं नाही.

पुढे कॉम्प्युटरवरून थेट प्लेट निघू लागली, फिल्मचं काम गेलं. प्रोसेसिंग हाउस बंद झालं. ताई लेकीकडे नाशिकला राहायला गेल्या. फोन चालू राहिला.

2015च्या सुमाराला अंकाच्या जुन्या सीडी उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. कपाटाच्या एका कप्प्यावर दुपारचं ऊन येत होतं. तिथल्या सीडींचं रंगद्रव्य फिकं पडलेलं उजेडात धरताच दिसत होतं. लॅपटॉपमधून तोवर ड्राइव्हच नाहीसे होऊ लागले होते. मी ताईंना फोन केला. त्यांनी तिकडून कामाचा क्रमच सांगितला: आधी ज्या सहज वाचल्या जातात त्या सगळ्या उतरवून घे, अडणाऱ्या बाजूला ठेव, एकीवर दिवस घालवू नकोस. मग जुन्या बाजारातून वेगवेगळ्या बनावटीचे दोन-चार रायटर आण, एकाला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं. उतरवलेलं दुसऱ्या मशीनवर उघडून बघ. आणि प्रत्येक सीडीची वहीत नोंद कर, निघाली नाही तिचीसुद्धा.

बहुतेक सगळ्या निघाल्या. 2003च्या अंकाची पानं, फॉन्टसकट. नागपूरच्या जाहिरातीची ताईंनी लिहून दिलेली सीडीही निघाली, कड्यावर त्यांच्या अक्षरात तारीख. उन्हातल्या कप्प्यातल्या काही मात्र कुठल्याच ड्राइव्हने वाचल्या नाहीत. त्यांत कोल्हापूरच्या चित्रकारांची नंतरच्या वर्षांची रेखाटनं आहेत. ती वहीत लाल पेनने लिहून ठेवली आहेत. ताईंचं म्हणणं, अशा सीडी टाकायच्या नाहीत, आणि चित्रकारांच्या घरी मूळ कागद आहेत का ते आधी विचारायचं. चित्रकारांच्या मुलीचा पत्ता मिळाला आहे. तिला पत्र पाठवलं आहे.