देवाची डोली आणि भक्ताचे पाऊल

तीर्थयात्रेस निघालेल्या माणसास सावधगिरीच्या चार गोष्टी सांगू लागले की, "देवाच्या दारी जाताना कसली भीती?" हा प्रश्न हटकून येतो. ह्या प्रश्नात श्रद्धा आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्या श्रद्धेत विचाराचा थोडा आळसही मिसळलेला असतो, असे आम्हांस वाटते. भक्ती आणि पूर्वतयारी ह्यांचे हाडवैर आहे, अशी समजूत निदान आपल्या पूर्वजांची तरी नव्हती. पंढरीची वारीच पाहावी. आळंदीहून निघालेली ज्ञानोबांची पालखी सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट अठरा-वीस दिवसांत चालते. मुक्काम ठरलेले, विसावे ठरलेले, दिंड्यांचे क्रमांक ठरलेले आणि शिस्त राखावयास चोपदार. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात ह्या सोहळ्याची घडी बसविली, ती आजतागायत टिकून आहे. ह्या बंदोबस्ताने वारकऱ्यांच्या भक्तीस उणेपणा आला, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

ही घडी आपण विसरतो, ती हिमालयाची यात्रा योजताना. पूर्वी बदरी-केदारास निघणारा मनुष्य घरादाराची निरवानिरव करून निघे व महिनोन् महिने पायी चाले. त्यात हाल होते, संकटेही होती. परंतु चढत्या उंचीची शरीरास सवय होण्यास पुरेसा अवधी मिळे. आज पुण्या-मुंबईचा यात्रेकरू सकाळी विमानात बसतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी केदारनाथाच्या वाटेस लागतो. प्रवास सुखाचा झाला. मात्र फुप्फुसे आजोबांच्या वेळी होती तशीच राहिली!

थोडा हिशेब करून पाहू. केदारनाथचे मंदिर समुद्रसपाटीपासून ३,५८३ मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. अर्थात् प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही त्याच मानाने कमी. पायवाट जेथून सुरू होते ते गौरीकुंड सुमारे १,९८० मीटरांवर आहे. म्हणजे सोळा किलोमीटरांच्या एका वाटेत आपण सोळाशे मीटर चढतो. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये, असे वैद्यकशास्त्र सांगते. डोके ठणकणे, मळमळणे, तोल जाणे, स्वस्थ बसले असताही धाप लागणे ही लक्षणे थकव्याची म्हणून अंगावर काढण्याजोगी नव्हेत. त्यांवर खरा उपाय एकच, तो म्हणजे खाली उतरणे. यमुनोत्री, गंगोत्री, केदार आणि मग बदरी हा जो परंपरेचा क्रम आहे, तो ह्या दृष्टीनेही हितकर आहे. गंगोत्रीची उंची तीन हजार मीटरांच्या वर आहे. तेथे एक-दोन रात्री काढल्या असता पुढील चढाची थोडीबहुत सवय होऊन जाते. हेलिकॉप्टराने जाणाऱ्यास तर हीही सवलत नाही. तो काही मिनिटांत वर पोहोचतो, पण त्याचे शरीर अद्याप खालीच असते. शिवाय आकाशमार्गही निर्धोक नव्हे. १५ जून २०२५ रोजी गौरीकुंडाजवळ हेलिकॉप्टर कोसळून सात जणांचा अंत झाला.

दुसरा विचार ऋतूचा. १६ व १७ जून २०१३ ह्या दोन दिवसांत अतिवृष्टी झाली, चोराबारी सरोवर फुटले, आणि मंदाकिनीने केदारपुरीसह रामबाड्याची चट्टी धुऊन नेली. हजारो माणसे प्राणास मुकली. ३१ जुलै २०२४ रोजी ढगफुटीने हीच वाट पुन्हा ठिकठिकाणी तुटली. म्हणून पावसाळ्याचे महिने वर्ज्य करावे. मे महिन्यात गर्दी फार. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीपासून पुढे, वाट बहुधा निवळलेली असते. सरकारी नोंदणी वेळेवर करावी. निघण्यापूर्वी निदान दोन महिने रोज चालण्याचा सराव ठेवावा, हृदय व रक्तदाब तपासून घ्यावा, आणि औषध घेणे ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. डोंगरातील रस्त्यावर रात्री मोटार हाकू नये. दिंडीप्रमाणे येथेही सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या पावलाने इतरांनी चालावे. आणि दोन दिवस मोकळे राखून ठेवावे. दरड कोसळली की ते दोन दिवस हातच्या पैशापेक्षा मोलाचे ठरतात.

परंतु सर्वांत महत्त्वाची तयारी पिशवीत भरता येत नाही. वाटेत कोणास परतावे लागले तर त्याजबरोबर कोणी उतरावयाचे, हे घरीच ठरले पाहिजे. आम्ही सहा जण काही वर्षांपूर्वी ह्या यात्रेस गेलो, तेव्हा ते तसे ठरले होते. आमच्या थोरल्या भगिनी, अक्का, त्या वेळी चौसष्ट वर्षांच्या होत्या. यजमानांच्या हयातीत राहून गेलेले केदारदर्शन त्यांना करावयाचे होते. लिंचोलीपाशी त्यांचे डोके ठणकू लागले, दोनदा उलटी झाली, आणि पाऊल वाकडे पडू लागले. मंदिर चार-पाच किलोमीटर राहिले होते. "एवढ्यावर आले, आता कशी फिरू?" असे त्या म्हणाल्या. आम्ही काहीच बोललो नाही. भाच्याने त्यांची काठी हाती घेतली व ठरल्याप्रमाणे तो त्यांना घेऊन उतरला. घरून आणलेली बेलाची पाने त्यांनी आमच्या हाती दिली. देताना त्यांनी आमच्याकडे पाहिले नाही. ते न पाहणे आम्हांस त्या साऱ्या चढापेक्षा जड गेले. खाली उतरल्यावर संध्याकाळपर्यंत अक्कांना बरे वाटू लागले. मन मात्र बरे झाले नव्हते.

पुढे बदरीनाथाच्या वाटेवर उखीमठ लागले. तेथील ओंकारेश्वराच्या मंदिरात पुजाऱ्यांनी सांगितले की, भाऊबीजेस केदारनाथाचे दार बंद होते, देवाची पंचमुखी उत्सवमूर्ती डोलीत बसते, मुक्काम करीत करीत खाली येते, आणि हिवाळाभर तिची पूजा येथे चालते. अक्कांनी ते दोनदा विचारून घेतले. मग म्हणाल्या, "म्हणजे तोसुद्धा थंडीला उतरतोच की!" आणि यात्रेत प्रथमच मोकळेपणाने हसल्या.

त्यांच्या ह्या उद्गारात जे आहे, त्याहून अधिक आम्हांस सांगावयाचे नाही. बर्फ पडावयाच्या आधी खाली यावयाचे, हा ह्या पर्वतावरील देवस्थानांचा जुना शिरस्ता आहे. बदरीनाथाची हिवाळ्यातील पूजाही जोशीमठास होते. ज्यांनी हे क्षेत्र शतकानुशतके सांभाळले, त्यांनी पर्वताशी हट्ट धरला नाही. दार उघडण्याचा मुहूर्त त्यांनी जितका पवित्र मानला, तितकाच मिटण्याचाही. अमरनाथाच्या वाटेवर १९९६ साली हिमवादळात दोनशेंहून अधिक यात्रेकरू दगावले. आज तेथे वैद्यकीय प्रमाणपत्रावाचून जाऊ देत नाहीत. तो नियम जाचक वाटणाऱ्यांनी देवाच्या डोलीचे स्मरण करावे. वृद्ध मातापित्यांस यात्रेस नेणाऱ्या मुलांनी तिकिटे व खोल्या राखून ठेवण्यापूर्वी त्यांच्याजवळ बसून एवढे बोलून घ्यावे, की दर्शन झाले तर आनंदच आहे, आणि अर्ध्या वाटेवरून उतरावे लागले तरी यात्रा उणी नाही. हे शब्द घरी, चहाच्या वेळी, शांतपणे उच्चारणे सोपे असते. तीन हजार मीटरांवर, पावसात आणि घाईत, ते कोणास सुचत नाहीत.