पीटरबरो येथील मशीद
कॅनडांतील पीटरबरो शहरीं आम्ही गेलों, तें नौका ६५ फूट उचलणारें १९०४ सालचें जलद्वार पाहावयास. परंतु मनांत राहिली ती तेथील मशीद. १३ नोव्हेंबर २०१५ रोजीं पॅरिसांत अतिरेक्यांनीं १३० माणसें मारलीं. दुसऱ्याच रात्रीं येथील एकुलत्या एका मशिदीस कोणीं तरी आग लावली. सीरियांतील निर्वासित देशांत घेऊं नयेत, अशी हाकाटीही उठली होती. परंतु शहरवासीयांनीं दुरुस्तीसाठीं लाखावर डॉलर जमविले. यहुदी मंडळींनीं आपलें प्रार्थनामंदिर नमाजास खुलें केलें. फेब्रुवारी २०१६ अखेर कॅनडानें २५,००० निर्वासितांस आश्रय दिला. मुलाबाळांचें घर असलें कीं भय वाटतेंच. आम्हांसही वाटलें असतें. म्हणून येणाऱ्याची चौकशी अवश्य करावी. पण बाँबच्या भयानें पळालेल्यासच बाँबवाला ठरवूं नये.